आधी इथल्यांची तहान

समितीची बैठक दर मंगळवारी पडद्यावर भरते, आणि विषयपत्रिकेत माझा अर्ज कायम शेवटचा असतो. अर्ज साधा होता. आमच्या तिझगी गावातल्या खजुराच्या शीतगृहाला चाळीस किलोवॉट वीज हवी होती. आमच्या वाळवंटातून समुद्रापलीकडे जी वीज जाणार आहे, तिच्यापुढे हा आकडा इतका किरकोळ की अहवाल लिहिताना तो नजरेतूनही सुटावा. पण तो सुटत नव्हता आणि मंजूरही होत नव्हता. वसंतात दिलेला अर्ज खजूर पिकायला आला तरी तिथेच होता.

अडचण मालकीची होती. पॅनेलं कंपनीची. तारेत शिरलेली वीज खरेदीदारांची, म्हणजे उत्तरेकडच्या तीन देशांची. या दोहोंच्या मधे मी काम करते ते केंद्र. तिथे पॅनेलांची वीज लांब पल्ल्याच्या तारेसाठी बदलली जाते. केंद्राच्या स्वतःच्या दिव्यांसाठी आणि पंख्यांसाठी एक छोटा ट्रान्सफॉर्मर आहे. मी मागत होते ती वीज त्यातून सहज देता आली असती. पण तो ट्रान्सफॉर्मर ते तीन आणि आमचा अशा चारही देशांचा मिळून आहे, आणि त्यातून वीज द्यायला समितीतल्या चौघा प्रतिनिधींच्या सह्या लागतात.

आमच्या राजधानीचे, रबातचे, लाहलू साहेब म्हणत, आमची हरकत नाही, पण पाहुण्यांनी आधी संमती द्यावी. माद्रिदच्या बाई म्हणत, छे, जमीन तुमची, मान तुमचा. पॅरिसचे गृहस्थ बर्लिनकडे बोट दाखवत. अध्यक्ष ब्राउक बर्लिनचे. अध्यक्षानेच आधी सही केली तर इतरांवर दबाव आल्यासारखं दिसेल, असं ते फार गंभीरपणे सांगत. चौघेही इतके सभ्य होते की नेमकं कुणावर चिडावं हे मला ठरवता येईना. मग मी माझा आवाज बंद करून चौघांवरही चिडत असे.

गावात तर आवाज बंद करायचीही सोय नव्हती. समुद्राकडे जाणारी मोठी लाइन आमच्या खजुराच्या बागेवरूनच जाते. खालून जाताना तिची गुणगुण ऐकू येते, आणि ती ऐकली की कुणीतरी मला थांबवतंच. एवढी वीज डोक्यावरून जाते तर तिथूनच एक तार खाली का सोडत नाहीस? मी सांगायचे की तो दाब आपल्या शीतगृहाच्या मोटरला झेपणार नाही, त्या विजेची जातही वेगळी आहे, ती आधी उतरवावी लागते आणि उतरवायचं यंत्र अख्ख्या शीतगृहापेक्षा मोठं असतं. लोक शांतपणे ऐकून घ्यायचे. मग म्हणायचे, बरं, पण एक बारीकशी तार?

गावाला स्वतःची लाइन आहे, पण ती दूरच्या शहरातून येते आणि फार अशक्त आहे. शीतगृहाचं यंत्र सुरू होताना जो झटका मारतं, तो तिला पेलत नाही. गावभर दिवे मिणमिणतात आणि यंत्र एक आचका देऊन बंद पडतं. शीतगृह बायकांच्या सहकारी संस्थेचं. माझी इत्तो मावशी तिची प्रमुख. गेल्या वर्षी उन्हाने तापणाऱ्या कोठीत ठेवलेल्या खजुरात अळी पडली आणि निम्मा माल बकऱ्यांना घालावा लागला. यंदाही तसंच झालं तर बायका संस्था सोडणार, हे मावशीला माहीत होतं आणि मलाही.

"तू इंजिनियर झालीस तेव्हा मी घरोघर बदाम वाटले होते," मावशी म्हणाली. "ते परत मागत फिरायची वेळ आणू नकोस माझ्यावर."

"मावशी, चार देशांचं काम आहे ते."

"मग चौघांनाही सांग. मी काय एकालाच सांग म्हणते आहे?"

त्यात शर्गी सुटला. हा पूर्वेचा वारा आला की दोन-तीन दिवस आकाश विटकरी होतं आणि गेल्यावर प्रत्येक वस्तूवर पिठासारखी धूळ उरते. पॅनेलं धुतली नाहीत तर उत्पादन तिसऱ्या हिश्शाने पडतं. मी ते स्वतः मोजलं आहे. आणि नेमकी त्याच आठवड्यात पूर्ण क्षमतेची चाचणी होती. ती बघायला चौघे प्रतिनिधी पहिल्यांदाच पडद्यातून बाहेर येऊन, चामड्याच्या बुटांत, आमच्याकडे आले होते.

धुण्याचं पाणी गावच्या विहिरीतून टँकरने येतं. विहीर अद्दी काकांच्या ताब्यात. तिचा नियम जुना आहे आणि केंद्रानेही करारात तो मान्य केला आहे: जो पाणी दूर नेणार, त्याने विहिरीवर उभ्या असलेल्या प्रत्येकाचं पिऊन होईपर्यंत थांबायचं. माणूस असो की जनावर. आमचा टँकर रोज दहा-बारा बकऱ्यांसाठी थांबतो, ड्रायव्हर तेवढ्यात चहा पितो, कुणाची तक्रार नसते.

त्या सकाळी टँकर आलाच नाही. मी गाडी घेऊन विहिरीवर गेले. पाहते तो बकऱ्याच बकऱ्या. त्यांच्या मागे उंट, उंटांमागे पुन्हा बकऱ्या. डोंगरापलीकडचे मेंढपाळही कळप घेऊन आले होते. टँकर कडेला उभा होता आणि ड्रायव्हर सावलीत झोपला होता. अद्दी काका अंगातला पायघोळ जेल्लाबा गुडघ्यांवर सावरून विहिरीच्या कठड्यावर बसले होते. चेहरा अगदी निष्पाप.

"काका, हे काय मांडलंय?"

"तहान लागली आहे त्यांना. शर्गी नव्हता का आला?"

मी फार चिडले. चाचणी फसली तर ही माणसं घरी जातील, त्यांच्याबरोबर माझा अर्जही जाईल, आणि मावशीच्या खजुरात पुन्हा अळी पडेल, हे मी एका दमात सांगितलं. शाळेत भूमितीची सिद्धता मांडायचे तसं, पायरी पायरीने. काकांनी सगळं ऐकलं आणि एका कोकराला हौदाकडे ढकललं. टँकरला नाही म्हणालोय का मी, असं त्यांनी विचारलं. ते नाही म्हणाले नव्हते, हीच तर अडचण होती.

दुपारपर्यंत समितीच विहिरीवर आली. ब्राउक साहेबांनी रुमालाने मान पुसत मला विचारलं की हे किती वेळ चालेल. मी काकांना विचारलं. कुणी तहानलेलं उभं आहे तोवर, काका म्हणाले. अजून किती जनावरं येणार आहेत, हे ब्राउकना जाणून घ्यायचं होतं. काका म्हणाले की ते जनावरांनाच माहीत. लाहलू साहेबांनी पुढे होऊन त्यांना शहरी अरबीत राष्ट्रीय महत्त्व समजावलं. काकांनी तेही आदराने ऐकलं. मग ते माझ्याकडे वळले.

"पोरी, नीट सांग त्यांना. ती वीज इथूनच निघते ना? मग तिलाही विहिरीचाच नियम. इथल्यांनी आधी पिऊन घ्यायचं. नंतर समुद्रापलीकडे न्या, चंद्रावर न्या, मी टँकर ढकलायला येतो."

मी शब्द न शब्द सांगितला. चौघांनी एकमेकांकडे पाहिलं. तत्त्वतः कुणाचीच हरकत नव्हती. लाहलू म्हणाले, पाहुण्यांनी आधी. माद्रिदच्या बाई म्हणाल्या, छे, मान तुमचा. मला तिथेच कठड्यावर डोकं आपटून घ्यावंसं वाटलं.

तेवढ्यात जेवण आलं. विहिरीवर आलेला पाहुणा आणि तोही शुक्रवारी, म्हणजे रव्याचा वाफवलेला कुसकुस आलाच. इत्तो मावशीने भलीमोठी लाकडी परात झाडाखाली ठेवली. चौघे भोवती बसले आणि तिथेही तेच. तुम्ही घ्या. नाही, आधी तुम्ही. कुसकुस निवत चालला.

"इथे कुणी आधी नसतं," मावशी ब्राउकना म्हणाली. त्यांना भाषा कळत नव्हती, पण स्वर कळला. "मी बिस्मिल्ला म्हणते. मग सगळे हात एकदम."

मावशीने बिस्मिल्ला म्हटलं आणि सगळे हात एकदम परातीत गेले. मी पहिला घास हातात धरून तशीच बसून राहिले. कॉलेजात संगणकाच्या तासाला आम्हाला हेच शिकवलं होतं: चार कामं, प्रत्येक दुसऱ्यासाठी थांबलेलं, म्हणून चारही अडकलेली. तिथे त्यावर मी एक आकृती काढून पैकीच्या पैकी गुण मिळवले होते आणि मग इतके महिने दर मंगळवारी तेच समोर बघत चिडत बसले होते.

मी गाडीतून अर्जाच्या चार प्रती आणल्या. जेवण संपल्यावर प्रत्येकापुढे एक ठेवली आणि सांगितलं की प्रत्येकाने आपल्यापुढच्या प्रतीवर सही करायची, सगळ्यांनी एकाच वेळी. म्हणजे कुणीही आधी नाही. पॅरिसच्या गृहस्थांनी मुख्यालयाला विचारायला फोन काढला. विहिरीवर रेंज नसते. त्यांनी तो हवेत धरला, फिरवून पाहिला आणि खिशात ठेवला. ब्राउकनी बकऱ्यांच्या रांगेकडे पाहिलं. मग त्यांनी टोपण काढलेलं पेन मावशीकडे करून मान हलवली.

मावशी बिस्मिल्ला म्हणाली.

त्यानंतर बकऱ्यांची तहान चमत्कार व्हावा तशी भागली. टँकर भरला. शेवटचं पॅनेल दुसऱ्या दिवशी संध्याकाळी धुऊन झालं. चाचणी एक दिवस उशिरा, पण पूर्ण क्षमतेने पार पडली आणि उत्तरेकडच्या वर्तमानपत्रांत समुद्राखालच्या तारेचं चित्र छापून आलं. केबल ओढून शीतगृहाला जोडायला आम्हाला आठवडा लागला. यंत्राने झटका मारला, दिवे जराही हलले नाहीत, आणि घरघर सुरू राहिली. मावशी हिवाळ्याची जाड शाल घेऊन आत गेली. बाहेर अंगाची लाही होत होती. क्रेट रचून झाले तरी ती बाहेर येईना, म्हणून मी दार उघडलं.

"लाव ते दार," ती म्हणाली. "थंडी जाईल माझी."

मंगळवारी बैठक होती. ब्राउक साहेबांनी चाचणीबद्दल सर्वांचं अभिनंदन केलं. मग पहिला विषय आला: एकाच वेळी केलेल्या सह्या नियमात बसतात का, यावर कायदेशीर मत मागवावं, आणि ते कुठल्या देशाने आधी मागवावं. दुसरा विषय, संस्थेने चौघांना पाठवलेल्या खजुराच्या पेट्या. भेट स्वीकारायला समितीची मंजुरी लागते. लाहलू साहेबांची काहीच हरकत नव्हती, पण पाहुण्यांनी आधी संमती द्यावी, असं त्यांना वाटत होतं.

मी आवाज बंद केला. मत यायला निदान वर्ष लागेल, हे आता मी खात्रीने सांगू शकत होते. तोवर खजूर टिकणार होता.