पान एकशे त्रेचाळीस

चंद्रभान बारापात्रे यांनी महानगरपालिकेच्या जन्म-मृत्यू नोंदणीच्या खिडकीमागे अठ्ठावीस वर्षं काढली, आणि तेवढ्या काळात एकाही मेलेल्या माणसाला त्यांनी जिवंत दाखवलं नाही, की जिवंताला मेलेलं. आयुष्यात छातीठोकपणे सांगावी अशी त्यांच्याजवळ एवढीच गोष्ट होती. बाकी सगळ्या बाबतीत मन डळमळीत. फाटकाला कडी घातली की नाही हे पाहायला ते चौकातून परत येत. रस्त्यात कुणी नमस्कार केला, तर तो आपल्याला नसेलच असं धरून आधी मागे वळून पाहत.

अशा माणसानं सदुसष्टाव्या वर्षी कादंबरी छापावी आणि तिची तीनशे प्रतींची पहिली आवृत्ती चोवीस दिवसांत संपावी, यावर सगळ्यात कमी विश्वास बसला तो खुद्द चंद्रभानजींचा.

कादंबरीचं नाव 'खड्ड्यातले पाय'. हातमागावर बसणारा विणकर जमिनीत खणलेल्या खड्ड्यात पाय सोडून बसतो. चंद्रभानजींचे आजोबा आणि वडील जन्मभर तसे बसले, त्यांची ही गोष्ट. अकरा वर्षं ती त्यांनी कुणाला न सांगता लिहिली, आणि सदर भागात चष्म्याच्या दुकानावर दोन खोल्यांत प्रकाशन चालवणाऱ्या अपूर्व नावाच्या तरुणाकडे नेऊन दिली, तीही "सवडीनं पाहा, नाही आवडली तर रद्दीत घाला" असं म्हणून.

त्याच अपूर्वचा फोन आला. "काका, संपली! एक कॉपी नाही उरली. दुसरी आवृत्ती काढून राहिलो. करेक्शन असतील तर शनिवारी संध्याकाळी सत्काराला येतोच आहे, तिथंच द्या. सोमवारी मशीनवर."

चंद्रभानजी फोन ठेवून गच्चीवर गेले. पाण्याच्या टाकीकडे पाहून उगाच हसले. खाली येऊन वर्तमानपत्राच्या कोऱ्या कडेवर सही गिरवू लागले, कारण आता वाचक सह्या मागणार. पण हाताला जुनी सवय. प्रत्येक सहीखाली 'निबंधकांकरिता' असं आपोआप उमटे.

सत्कार तर महिन्याभरात सहा झाले होते. समाजाच्या मेळाव्यात त्यांना दहावीला एक्याण्णव टक्के मिळवलेली मुलगी आणि शरीरसौष्ठवात जिल्ह्यात तिसरा आलेला पहेलवान यांच्या मधोमध बसवलं होतं. माजी नगरसेवक भाषणात म्हणाले, "बारापात्रे साहेबांनी शहरातल्या खड्ड्यांचा प्रश्न साहित्यातून मांडला. या विषयाचा पाठपुरावा मी करीन." टाळ्या झाल्या. चंद्रभानजींनी शालीत तोंड लपवलं. हास्यक्लबात तर तिघांनी सांगितलं की त्यांनी कादंबरी एका बैठकीत संपवली.

गंमत अशी की छापील कादंबरी स्वतः चंद्रभानजींनी अजून उघडली नव्हती. धीर होत नव्हता. छपाईआधीची मुद्रितं त्यांनी तपासली होती, पण खिडकीवरचे अर्ज तपासावेत तशी, वेलांट्या आणि मात्रा पाहत. आत माणसं आहेत हे त्या वेळी त्यांच्या ध्यानातच नव्हतं. आता मात्र करेक्शन द्यायचं होतं. गुरुवारी दुपारी लाल पेन घेऊन ते वाचायला बसले.

एकसष्टाव्या पानावर सखूबाई तापानं मेली. नायकाची ही थोरली काकू, घर जोडून ठेवणारी. चंद्रभानजींनी डोळे पुसले. वाईट लिहिलं नाही आपण, असं त्यांना ओझरतं वाटून गेलं. तसेच पुढे वाचत गेले. एकशे त्रेचाळिसाव्या पानावर घरातलं लग्न, अंगणात पंगत बसलेली, आणि सखूबाई कढी चाखून म्हणते, "मीठ टाक वं अजून."

चंद्रभानजींनी मागे जाऊन एकसष्टावं पान पुन्हा काढलं.

लग्नाचं प्रकरण त्यांनी सगळ्यात आधी, अकरा वर्षांपूर्वी लिहिलं होतं. बाई मेली ती पुढे चार वर्षांनी. प्रकरणं क्रमानं लावताना कुणी पाहिलंच नाही. पहिली गोष्ट मनात आली ती ही, की तीनशे घरांत लोक आपल्याला हसत असतील. मग हळूहळू दुसरी आली, आणि ती पहिलीपेक्षा भयंकर होती. चोवीस दिवस झाले, सहा सत्कार झाले, आणि कुणी एका शब्दानं बोललं नाही. म्हणजे कुणी वाचलीच नाही!

चप्पल घालून ते शेजारी रुपरावजींकडे गेले. रुपरावजींनी कादंबरीची तारीफ तीनदा केली होती, त्यांपैकी एकदा तर माइकवरून.

"रुपरावजी, सखूबाई कशी वाटली तुम्हाले?"

"अरे बाप! एकदम जिवंत उभी केली गा!"

"कोणत्या पानावर?"

"सगळ्याच पानावर," रुपरावजी ठासून म्हणाले. "चहा घेता काय?"

चंद्रभानजी चहा न घेता घरी आले. सिंधूताई मेथी निवडत होत्या.

"सिंधू, खरं सांग. तू वाचली काय कादंबरी?"

"वाचली ना. एकसष्ट पानापर्यंत."

"मग पुढे?"

"पुढे काय वाचू? तुम्ही त्या बाईले मारून टाकलं. सहा लेकरं पदरात, अन् असं मारतेत काय जी कोणी? मी ठेवून दिलं पुस्तक."

"अवं, पण ती पुढे जिवंत आहे."

सिंधूताईंचा हात मेथीत थांबला. "काय म्हणता?"

"म्हणजे मेलीच आहे. पण चुकून जिवंत राहिली."

"तुम्ही जरा पडून राहा," सिंधूताई म्हणाल्या. "चेहरा उतरला तुमचा."

पडण्याऐवजी त्यांनी अपूर्वला फोन लावला. "अपूर्व, तू वाचली आहेस ना रे?"

"काका, मी छापली!"

"ते झालं. वाचली का?"

"काका, सुरुवात जबरदस्त आहे."

"मग तीनशे प्रती घेतल्या तरी कुणी?"

"सत्कारवाल्यांनी. आजकाल बुके कोणी देत नाही काका, पुस्तक देतात. वाढदिवस, निरोप समारंभ, ज्येष्ठ नागरिक दिन, सगळीकडे तुमचंच जाऊन राहिलं. अन् साइज इतकी परफेक्ट आहे, शालीच्या घडीत बरोबर बसते!"

चंद्रभानजी उठले आणि हास्यक्लबानं त्यांना शालीसोबत दिलेला खोका उघडला. आत पुस्तक होतं. 'खड्ड्यातले पाय'. पहिल्या पानावर 'सौ. नंदिनी यांना वाढदिवसानिमित्त' असं लिहून खोडलेलं, त्याखाली 'गोविंदा भाऊजींना सेवानिवृत्तीनिमित्त', तेही खोडलेलं, आणि त्याखाली खुद्द त्यांचं नाव. तीन सत्कार पाहून आलेल्या त्या पुस्तकाची पानं एकमेकांना अजून चिकटलेली होती.

दोन दिवस ते नीट जेवले नाहीत. चूक दुरुस्त करायला दोन ओळी खोडल्या की झालं असतं. पण पेन उचलेना. कुणी वाचतच नसेल तर सखूबाई मेली काय अन् जगली काय? दुसरी आवृत्ती तरी काढायची कशाला? शाली गुंडाळायला?

शनिवारी पाच वाजता ज्येष्ठ नागरिक संघाचा सत्कार होता. चंद्रभानजी तीनलाच निघाले आणि थेट महाल भागातल्या वाचनालयात गेले. तिथं आपली एक प्रत आहे, एवढं त्यांना माहीत होतं. वाचनालयातलं पुस्तक सत्कारात कुणी देत नाही. तिथं कुणी नेलं असेल तर वाचायलाच.

टेबलावर भावना नावाची ग्रंथपाल बसली होती. चंद्रभानजींनी घसा साफ केला. "'खड्ड्यातले पाय' आहे का? कोणी बारापात्रे म्हणून आहेत त्यांचं."

"आहे ना. कालच परत आलं. चौघांनी नेलं आतापर्यंत."

चौघांनी! चंद्रभानजी पुस्तक घेऊन खिडकीजवळ बसले आणि पंचनामा करावा तसं एकेक पान पाहू लागले. अठराव्या पानापर्यंत कडेला हळदीचं बोट होतं. पुढे नाही. म्हणजे एक वाचक स्वयंपाक करता करता अठराव्या पानावर गळला. सदतिसाव्या पानात काटोलच्या एसटीचं तिकीट. हा बहुधा काटोल आल्यावर उतरला आणि पुस्तकातूनही उतरला. एकसष्टाव्या पानावर एक ओला गोल वाळलेला. तो चहाच्या कपाचा की डोळ्यांतल्या पाण्याचा, हे त्यांनी पुष्कळ वेळ उजेडात धरून पाहिलं. चहाचाच होता. तिथून पुढे पानं कोरी करकरीत.

एकशे त्रेचाळिसावं पान त्यांनी डोळे मिटून काढलं. मग एक डोळा उघडला.

समासात पेन्सिलीनं, वळणदार जुन्या अक्षरात लिहिलं होतं : 'ही बाई पान ६१ वर मेली. मग मीठ कोण मागून राहिलं?'

चंद्रभानजींनी ते तीनदा वाचलं. हसू आवरेना, तोंडावर हात धरून ते इतके हलू लागले की भावना धावत आली.

"काका, बरं वाटत नाही का? अगं बाई, पुन्हा लिहिलं का कुणी?" तिनं खिशातून खोडरबर काढलं. "द्या इकडे."

"खोडू नका!" चंद्रभानजी ओरडले. जन्मात ते इतक्या मोठ्यानं बोलले नव्हते. वर्तमानपत्रं वाचणारी चार डोकी वर झाली. "म्हणजे... राहू द्या. कुणी लिहिलं हे?"

"नत्थूजी परातेंशिवाय कोण! तांडापेठेत राहतात. दोनदा ताकीद दिली, पण पेन्सिल सुटत नाही त्यांची. तुम्ही कोण?"

"मी त्या बाईच्या ओळखीचा," चंद्रभानजी म्हणाले, आणि पाच मिनिटांत ऑटोत होते.

नत्थूजी पराते ब्याऐंशी वर्षांचे. ओट्यावर प्लास्टिकच्या खुर्चीत बसले होते, चष्म्याची एक दांडी दोऱ्यानं बांधलेली.

"मीटरवाले काय?" त्यांनी विचारलं.

"नाही. मी ते... 'खड्ड्यातले पाय'..."

नत्थूजींनी त्यांना पायापासून डोक्यापर्यंत पाहिलं. "तुम्हीच लिहिलं काय जी ते?"

नाही म्हणायची ही शेवटची संधी होती. "हो," चंद्रभानजी म्हणाले. "मीच."

"बसा मग. तुम्हालेच शोधून राहिलो होतो मी."

"नत्थूजी, ती बाई, माझी फार मोठी चूक—"

"बाईचं मागून पाहू. पहिले पान चौतीस." नत्थूजींनी बनियनच्या आतून घडी केलेला कागद काढला. जुन्या कॅलेंडरचं पान होतं, पाठीमागून पूर्ण भरलेलं. "चौतीसवर तुमचा माणूस भर पावसाळ्यात खड्ड्यात पाय सोडून खुशाल विणून राहिला. पाणी भरते ना जी खड्ड्यात! बेडूक निंगते! तुम्ही बसले काय कधी मागावर?"

"नाही. वडील बसायचे. मला शाळेत घातलं."

"ते दिसते," नत्थूजी म्हणाले. "पान बावन. दिव्याच्या उजेडात काळं सूत विणलं. काळं सूत दिवसा दिसत नाही, दिव्यात काय दिसते? पान सत्तावन. मालकानं शिवी दिली अन् विणकर चूप बसला. आम्ही नाही बसलो चूप. लिहा."

चंद्रभानजींनी पिशवीतून प्रत काढली आणि ते लाल पेनानं लिहू लागले. नत्थूजी झाडत होते आणि चंद्रभानजींचा चेहरा खुलत होता. सहा सत्कारांत त्यांना इतकं बरं वाटलं नव्हतं. सूनबाईनं चहा आणून ठेवला, तो तसाच निवला.

नवव्या चुकीवर त्यांच्यानं राहवलं नाही. "पण नत्थूजी, एकंदरीत... कशी वाटली?"

"कशी वाटली म्हणजे?" नत्थूजींना प्रश्नच कळला नाही. "बेकार पुस्तकासाठी कोणी कॅलेंडर फाडते काय?"

चंद्रभानजी काही वेळ पिशवीत काहीतरी शोधल्यासारखं करत राहिले. मग म्हणाले, "आता ती सखूबाई. लग्नातून तिला काढून टाकतो. दोन ओळींचं काम आहे."

"काहून?"

"मेलेली आहे ना ती."

"तर मग मारू नका." नत्थूजी खुर्चीत पुढे सरकले. "ती गेल्यावर ऐंशी पानं मी कसे काढले, मले माहीत. घर कसं भकास झालं. अन् मग लग्नात ती आली, मीठ मागितलं. खरं सांगतो, मी पहिले म्हटलं, बरं झालं वं बाई, आली तू. पेन्सिल त्यानंतर घेतली मी."

चंद्रभानजींनी पेनाला टोपण लावलं. "आणि शेवट?" त्यांनी विचारलं. "शेवट कसा वाटला?"

"शेवट कुठं वाचला? एकशे साठवर होतो तर त्या भावनाचा फोन आला, दिवस भरले म्हणे, पुस्तक परत करा. नातू नेऊन देऊन आला." नत्थूजींनी आवाज खाली आणला. "पुन्हा मरते काय जी ती?"

खिशात फोन वाजला. अपूर्व होता, मागे माइकची खरखर. "काका, कुठे आहात? सव्वापाच झाले! पाहुणे शाल धरून उभे आहेत. अन् करेक्शनची कॉपी आणली ना?"

"मशीन थांबव," चंद्रभानजी म्हणाले. "बाईचं अजून ठरलं नाही."

"कोणती बाई? काका, काकूंना फोन देऊ का लावून?"

चंद्रभानजींनी फोन बंद करून पिशवीच्या तळाशी घातला. एकशे साठावं पान काढलं. चार माणसांत नाव सांगतानासुद्धा त्यांचा आवाज बसे, तो आताही बसला. पहिलं वाक्य त्यांनाच ऐकू आलं.

"मोठ्यानं वाचा जी," नत्थूजी डोळे मिटून म्हणाले. "कानानं कमी ऐकू येते."

चंद्रभानजी मोठ्यानं वाचायला लागले. शेजारच्या ओट्यावरची एक बाई लसूण सोलायचं सोडून पाहू लागली. तिच्याकडे त्यांचं लक्ष नव्हतं. एक परिच्छेद झाला, दुसरा अर्धा झाला.

"थांबा," नत्थूजींनी हात वर केला. "हे चूक आहे."

चंद्रभानजींनी पेनाचं टोपण काढलं आणि खुर्ची आणखी जवळ ओढली.

"सांगा जी," ते म्हणाले.