तोरिबिओचं मत

डॉन लेआन्द्रो भरघोस मतांनी पुन्हा खासदार म्हणून निवडून आले, असं लेओन शहराच्या पेपरात छापून आलं. मतदान उद्यावर होतं. निकाल माद्रिदला मंत्र्यांनी आधी ठरवायचा, ही रीतच होती. छापखान्याने जरा घाई केली. नगराध्यक्ष क्रिसान्तोंनी घरोघरी फिरून सगळे अंक गोळा केले, शाळेच्या शेगडीत कोंबले, आणि गावाने काही वाचलेलंच नाही, असं ठरलं.

रविवारी त्याच शाळेत पेटी मांडली. बायकांना मत नव्हतं. बासिलिसा दारात नुसती उभी होती.

"तोरिबिओ मोरान," मतदान मंडळाच्या अध्यक्षाच्या खुर्चीतून क्रिसान्तोंनी मोठ्याने म्हटलं, "मत दिलं."

बासिलिसा आत आली.

तोरिबिओ तिचा नवरा. डॉन लेआन्द्रोंच्या बँकेने खणायला घेतलेल्या रेल्वेच्या बोगद्यात तो गाडला गेला, त्याला आता वर्ष होऊन गेलं होतं. बँकवाले म्हणून डॉन लेआन्द्रोंनी आधाराच्या लाकडात काटकसर केली होती. वकील म्हणून त्यांनी कोर्टात सिद्ध केलं, की प्रेत नाही म्हणजे मृत्यूही नाही. आणि खासदार म्हणून त्यांनी बोगदा उकरायचं काम थांबवलं, म्हणजे प्रेत सापडायला नको. एका माणसाने एवढं सगळं बघायचं, म्हणजे खायचं काम नाही. पाद्रीबाबाही मग अंत्यविधी करेनात. जित्या माणसाचा कसा करणार?

पेटीशी बँकेचा दरवान टोपी हातात घेऊन उभा होता.

"हा माझा नवरा?"

"कागदोपत्री, हो," क्रिसान्तो म्हणाले. "बासिलिसा, उगाच वाद नको."

"वाद कुठं घालतेय, दादा." तिने दरवानाची गचांडी धरली. "चल रे घरी. इतके दिवस कुठं तोंड काळं केलं होतंस? छप्पर गळतंय. डुक्कर कापायचं राहिलंय."

"बाई, मला बायको आहे," दरवान पुटपुटला.

"हे आत्ता सांगतोस?"

रांगेत कुणीतरी फिसकन हसलं. तिने नुसती मान वळवली. हसू जागीच विझलं.

डॉन लेआन्द्रो चिरूट विझवून पुढे आले. आवाज लोण्यासारखा.

"बासिलिसाबाई, तक्रार असेल तर रीतसर लेखी द्या. कायद्याचं राज्य आहे."

तिने गचांडी सोडली. बोटं पांढरी पडली होती. "लिहा मास्तर," ती मतदारांची यादी घेऊन बसलेल्या शाळामास्तरांना म्हणाली.

मास्तरांनी क्रिसान्तोंकडे पाहिलं, मग डॉन लेआन्द्रोंकडे, आणि टाक दौतीत बुडवला. बासिलिसा डॉन लेआन्द्रोंवरची नजर न काढता, एकेक शब्द दाताखाली धरून सांगत गेली:

"मतदान मंडळाचे माननीय अध्यक्ष यांस. माझे पती तोरिबिओ मोरान यांनी आज आपल्यासमोर जातीने हजर राहून मत दिल्याची नोंद आपण केली आहे. तरी, त्यांचे इथले काम संपले असल्यास, अंधार पडण्यापूर्वी त्यांना घरी पाठवण्याची व्यवस्था व्हावी, ही नम्र विनंती."