मिस फ्लोराचं लुगडं

साहेब, मिस फ्लोराच्या अंगावर लुगडं तुम्ही चढवलंत, आणि ते माझ्या तोंडातून ओढून काढलंत. इरकली होतं, हिरवं, लाल काठाचं. नाही म्हणू नका. पहिल्या रांगेत खुर्ची टाकून तुम्हीच बसला होता.

मी सांगणारा. बोलपट अमेरिकेचा, लोक मिरजेचे. म्हणून तंबूत पडद्याच्या बाजूला काठी घेऊन उभं राहायचं आणि कोण काय बोलतंय ते मराठीत ओरडून सांगायचं. शाळेत कधी गेलो नाही. इंग्रजी खेळ बघून बघून शिकलो, तेही अर्धंच. पण या विनोदी बोलपटाची नायिका मिस फ्लोरा, ती मला सगळी कळायची. बाजारात बायका वांगं दाबून बघतात ना, तशी ती पुरुषाकडे बघायची. आणि कमरेवर हात.

कोर्टाच्या प्रसंगात न्यायाधीश विचारतो, "बाई, तुला लाज नाही?" ती म्हणते, "होती. तुमच्यासारखाच एक साहेब, बघून परत देतो म्हणून घेऊन गेला." पहिल्या खेळाला मी हे जसंच्या तसं सांगितलं. कनातीपलीकडे बायकांच्या बाजूला असा हशा उठला की कनात फुगून आली. सगळ्यांत वरचा आवाज माझ्या बायकोचा, हौसाचा. लग्न झाल्यापासून ती माझ्यासमोर तोंडाला पदर लावून हसायची. त्या दिवशी पदर लावायचा राहून गेला. घरी आल्यावर चुलीपाशी कमरेवर हात ठेवून म्हणाली, "बघता काय? ताट घ्या हातानं."

दुसऱ्या दिवशी त्याच बायका शेजारणींना घेऊन आल्या. आणि खेळाचा परवाना देणारे तुम्ही आलात.

"सभ्य सांग," म्हणालात. "नाहीतर सांगणारा दुसरा आणतो."

न्यायाधीशाने विचारलं. ती बोलली. मी सांगितलं, "चुकले महाराज, माफी असावी."

बोलताना दाताला काहीतरी अडकलं. बोटाने ओढलं तर काठ निघाला. त्यामागून कापड यायला लागलं, ओलं, पुष्कळ. त्याचं टोक सरळ पडद्यावर गेलं आणि फ्लोराबाईच्या उघड्या खांद्यावरून फिरलं. तिने मान वळवून एकदा माझ्याकडे बघितलं आणि पुढचं वाक्य बोलली, कारण चित्र थांबत नाही.

"शाबास," तुम्ही म्हणालात. "पुढे."

पेढीच्या मालकाला ती म्हणाली, "तुमचा बंगला छान आहे, पण मला तुमचा गडी आवडला." मी सांगितलं, "दादा, तुम्ही मला भावासारखे." एक वेढा. तिने डोळा मारला. मी सांगितलं, डोळ्यात कचरा गेला. आणखी एक वेढा.

पलीकडून बुरूड आळीतली पारू ओरडली, "काय रं ए, काल ही बाई मिरचीचा ठेचा हुती, आज भोपळा कशानं झाली? तुझ्या तोंडात अळणी पडलं व्हय?"

बायका हसल्या, पण मला. माझी मान खाली गेली ती वर येईना. मान खाली घालूनही जीभ चालते, हे मला तेव्हा कळलं.

नऊ वार संपले तरी लुगडं थांबलं नाही. फ्लोराबाई डोक्यापासून पायापर्यंत झाकली, तेव्हा ते पडद्यावरून उतरलं आणि कनातीखालून पलीकडे गेलं. आधी पारू गप्प झाली. मग एकेक. कनात वर करून बघितलं तर बायकांच्या जागी हिरवी गाठोडी ओळीने बसलेली. तुम्हीही वाकून बघितलंत. "आता कशा नीट बसल्या," म्हणालात.

फक्त हौसाचं तोंड उघडं होतं. लुगडं तिच्या हनुवटीशी आलं होतं.

"अवो," ती म्हणाली, "आत्ता काय म्हनली ती, तेवढं खरं सांगा की. एकच. मला हसायचंय अजून."

खरं सांगितलं असतं तर कापड तुटलं असतं. हे मला ठाऊक होतं. तुम्हालाही ठाऊक होतं, म्हणून तुम्ही खुर्ची पुढे ओढलीत. मी तोंड उघडलं. हौसा माझ्याकडे बघत होती, हसायच्या तयारीत.

"ती म्हणते," मी सांगितलं, "की मी सुखी आहे."

लुगडं तिच्या ओठांवरून गेलं. मी थुंकलो असतो, पण तोंडात जागा नव्हती.

चित्र अजून चालू आहे. पडद्यावर एक हिरवं गाठोडं उभं आहे. तोंडाच्या जागी कापड आत जातं, बाहेर येतं. कनातीपलीकडे हौसाच्या तोंडावरचं कापडही त्याच वेळी आत जातं, बाहेर येतं. दोघी एकच वाक्य बोलताहेत. माझ्या कानापर्यंत कापड भरलंय, मला ऐकू येत नाही. तुमचे कान मोकळे आहेत. इंग्रजी येतं, मराठीही येतं. खुर्चीवरून उठा, जवळ जा, कान लावा आणि सांगा. काय म्हणताहेत त्या, साहेब?