पाऊण इंच

मी एक जुनी कापडी फीत आहे, मित्रांनो. साठ इंच लांब, दोन्ही टोकांना पितळी पत्रा. सध्या मुक्काम कोर्टाच्या दप्तरखान्यात, लाल फडक्यात. गळ्यात ‘पुरावा’ अशी चिठ्ठी. दमले आहे हो. पण ऐकायला बसलाच आहात, तर सांगून टाकते.

स्वातंत्र्य मिळालं त्या वर्षी डॉक्टर दिनानाथांनी चौलला दवाखाना काढला आणि मुंबईहून मला आणलं. तेव्हा मी कशी कडक होते! अंगावर रोगण, आकडे काळेभोर. डॉक्टर मला गळ्यात टाकूनच हिंडायचे. तान्हं बाळ आलं की त्याच्या डोक्याभोवती मला गुंडाळायचं आणि आकडा वहीत लिहायचा, हा त्यांचा नेम. डोकं वयाच्या मानाने फार वाढलं तर आत पाणी साठतंय असं समजायचं, म्हणून हे मोजणं. आमचे डॉक्टर मोजल्याशिवाय बोलत नाहीत, असं लोक म्हणायचे. मीही तोऱ्यात असायचे.

कंपाउंडर कोंडाजी भारी टापटिपीचा. दर शनिवारी तो मला सोड्याच्या गरम पाण्यात धुवायचा, दोरीवर टांगायचा आणि वाळून सरळ राहावी म्हणून खालच्या टोकाला खलातला बत्ता बांधायचा. सोळा वर्षं, दर शनिवारी. सगळे त्याचं कौतुक करायचे. माझं रोगण गेलं, धागे सैलावले आणि त्या बत्त्याच्या वजनाने मी हळूहळू लांबत गेले. आकडे एकमेकांपासून दूर सरकले. कोणाला कळलं नाही. शपथ घेऊन सांगते, मलाही नाही.

मग एक दिवस सदा आला. चार महिन्यांचा, गोरागोमटा, टोपड्यात गुंडाळलेला. बरोबर त्याची आई ठमी आणि आजी बायजा. त्यांच्याकडे बाळाची टाळू भरायचं काम आजीचं. रोज आंघोळीआधी टाळूच्या खळग्यात कोमट खोबरेल ओतायचं आणि बोटाने हलकेच जिरवायचं. चार मुलांच्या आणि सहा नातवंडांच्या टाळू भरलेला हात होता तो. बायजा डॉक्टरांना म्हणाली, "डाक्तर, याच्या टाळूवर तेल ठरत न्हाय. बाजूला ओघळून जातंय."

डॉक्टर हसले. मला सदाच्या डोक्याभोवती गुंडाळलं. मी सतरा इंच दाखवले. मोठं आहे, पण वयाच्या मापात बसतंय, असं म्हणून त्यांनी वहीत लिहिलं. दोन महिन्यांनी बायजा पुन्हा तेच सांगायला आली, आणि पुन्हा माझाच शब्द खरा ठरला. टाळूला हात कोणी लावला नाही. फीत होती ना!

पुढे सदाचे डोळे खाली वळले आणि ओकाऱ्या सुरू झाल्या, तेव्हा बापाने, येसाजीने, त्याला मुंबईला नेलं. ऑपरेशन करून डोक्यातलं पाणी नळीने उतरवलं. जीव वाचला, पण नजर गेली. येसाजीने डॉक्टरांवर दावा लावला. डॉक्टरांचे वकील म्हणाले, म्हातारीने टाळू दाबून दाबून हे केलं. झालं! गावाला तेवढंच पुरलं. पाणवठ्यावर बायका बायजाला बघून गप्प व्हायला लागल्या. ठमीचंही मन फिरलं. तिने सासूला लेकराला हात लावू देणं बंद केलं. बायजा दारात बसून राहायची, आणि आतून सदा रडला तरी उठायची नाही.

तज्ज्ञ साक्षीदार म्हणून मुंबईचे लहान मुलांच्या मेंदूचे सर्जन आले, डॉक्टर वाकणकर. लाँचने रेवस आणि पुढे एसटी. बुटांना चिखल, चेहरा माझ्यासारखाच थकलेला. एका डॉक्टरने दुसऱ्या डॉक्टरविरुद्ध बोलायचं, हे काम कोणाला गोड वाटेल? त्यांनी वही वाचली, सदाला तपासलं आणि मग मला मागितलं. न्यायाधीशांच्या टेबलावर एक पोलादी पट्टी ठेवली आणि तिच्याशेजारी मला. माझे सतरा इंच तिच्या पावणेअठरावर जाऊन थांबले. म्हणजे सदाचं डोकं मी पाऊण इंच लहान दाखवलं होतं. कोर्टात सगळे माना वाकवून बघत होते. मला जमिनीत जावंसं वाटलं.

वकिलांनी विचारलं, तेलाने आणि चोळण्याने असं होतं की नाही? वाकणकर म्हणाले, नाही. तेल टाळूतून आत जात नाही आणि आजीच्या बोटाने पाणी साठत नाही. आतून दाब वाढला की टाळू फुगते, खळगा उरत नाही. म्हणून तेल ठरत नव्हतं.

"म्हणजे तुम्ही अडाणी बाईचं ऐकता आणि डॉक्टरांच्या मापाला खोटं म्हणता?" वकील म्हणाले. "तुम्ही तरी स्वतःची फीत कधी ताडून बघितलीत?"

वाकणकरांनी टेबलावरच्या माझ्याकडे बघितलं. मग म्हणाले, "आज सकाळी. त्याआधी कधीच नाही. माझ्याही हातून एखादं मूल असं निसटलं असेल. पण या बाईंनी रोज हात लावून बघितलं, दोनदा येऊन सांगितलं. यांचा हात बरोबर होता."

डॉक्टर दिनानाथ खाली बघत होते. कोंडाजी बाकावर बसून रडत होता. बिचाऱ्याने मला फक्त स्वच्छ ठेवलं होतं. निकाल डॉक्टरांच्या विरुद्ध गेला. पण माझ्या ध्यानात राहिलं ते वाकणकर कठड्यातून उतरले तेव्हाचं. ठमी उठली, सदाला घेऊन सासूसमोर आली आणि म्हणाली, "आत्याबाई, घ्या याला. चुकलं माझं."

बायजाने त्याला मांडीवर घेतलं. आधी तिने टोपडं काढलं आणि डोक्यावरून हात फिरवला. सदा दिसत नसतानाही तिच्याकडे वळून हसला. बोट ओळखलं त्याने.

मित्रांनो, मी इथे पडल्या पडल्या एकच मोजत असते, त्या वहीतली बाकीची डोकी. सोळा वर्षांतली किती माझ्यामुळे चुकली, कोण जाणे. तुमच्याकडे माझ्यासारखी कोणी असेल, तर तिला धुवा, जपा, पण वर्षातून एकदा पट्टीशेजारी ठेवून बघा. आणि कोणी आजी येऊन म्हणाली की तेल ठरत नाही, तर मला बाजूला ठेवा आणि आधी हात लावून बघा.