यामागाताचं पत्र

समिधा कुंभवलीची. तारापूरच्या एका कारखान्यात ओकुमुरा नावाचे जपानी इंजिनिअर होते, त्यांची दुभाषी तीच. मार्चमध्ये तिच्याच आळीतल्या बन्सीची दोन बोटं यंत्रात गेली. चौकशीत तो म्हणाला, "मशीनवरची जाळी मॅनेजर सायबांनीच काडाला लावली. काम भराभर व्हावा म्हनून."

मॅनेजर समिधाकडे रोखून पाहत होता. तिची नोकरी पक्की व्हायला महिनाच उरला होता. तेवढं एक वाक्य तिने जपानीत सांगितलंच नाही. ठपका बन्सीवर आला आणि त्याला घरी बसवलं. लहानपणी त्याच्याच सायकलवर मागे बसून ती शाळेत जायची. आता तो समोरून दिसला की ती वाट बदलू लागली.

जूनमध्ये ओकुमुरांना निरोप द्यायचा कार्यक्रम झाला. भाषणात त्यांनी जपानच्या इतिहासातल्या यामागाताची गोष्ट सांगितली. समिधा मराठीत सांगत गेली. हलक्या दर्जाच्या सामुराई घरातला मुलगा. पुढे सेनापती झाला, शेतकऱ्यांची पोरं घेऊन नवी फौज उभारली, दोनदा पंतप्रधान झाला. मधल्या काळात मात्र, सायगो नावाच्या ज्या ज्येष्ठ सहकाऱ्याने एकदा त्याला सावरून घेतलं होतं, त्याच्याच बंडावर त्याला चालून जावं लागलं. शेवटच्या हल्ल्याआधी त्याने सायगोला पत्र धाडलं, आता थांबा म्हणून. उत्तर आलं नाही. हल्ला झाला, सायगो मेला.

"जिंकला तोच," ओकुमुरा म्हणाले, "पण मला वाटतं, पत्राला उशीर झाला."

हे मराठीत सांगायचं समिधाने अर्ध्यावरच सोडलं. मग ती ओकुमुरांकडे वळली आणि जपानीत म्हणाली, "बन्सीचं एक वाक्य मी तुम्हाला सांगितलं नव्हतं." आणि ते सांगून टाकलं.

ओकुमुरांनी जाणं लांबवलं. पुन्हा चौकशी झाली. मॅनेजर गेला, समिधाचीही नोकरी गेली, बन्सीला मात्र परत बोलावणं आलं.

त्या संध्याकाळी ती त्याच्या घरी गेली. दारात उभी राहूनच म्हणाली, "चुकले मी, बन्सी."

"ठाव हाय मना," तो म्हणाला. "तवा चौकशीत मी जपानी सायबाकडं नाय, तुज्या तोंडाकडं बगत होतो. वाटला, ही आपली हाय, बरोबर सांगल."

त्याच्या बायकोने, नर्मदाने, पाट पुढे केला. समिधा बसली खरी, पण चहाचा कप तिने बाजूला ठेवला.