कडा कोणत्या हाताला

मी जंगलाच्या फोटोंपासून भिंतीवरची नक्षी करतो. दवाखाने, ऑफिसं, हॉटेलं. कुठे शिकलो नाही, करून करून आलं. फोटो दादाचे, तो डोंगर फिरायचा. मी एक फोटो घ्यायचो, त्याची उलटी कॉपी काढायचो, दोन्ही कडेला कड लावून जोडायचो. असे जोड एकाखाली एक लावत गेलं की झाडाच्या सालीचं फूल होतं, शेवाळाचा गालिचा होतो. सुलटा एक, उलटा एक. सगळा धंदा एवढ्यावर.

दादा मला शिंपी म्हणायचा.

"काय शिंपी, शिवलास का माझ्या डोंगराचा पडदा?"

"शिवला. आता वहिनीला तुझ्या थोबाडाचा अभ्रा शिवतो."

"नको बाबा, घाबरून उठेल ती."

मंगळवारी दुपारी त्याचा फोटो आला. दुभंगलेला खडक, ओढा, एका हाताला सरळ कडा. खाली लिहिलं होतं, 'ह्याचं काहीतरी झकास कर. उद्या संध्याकाळी घरी.'

मी लगेच बसलो. फोटो काळपट होता, उजळला. कॉपी उलटवली. जोडलं. खडकाचं फुलपाखरू झालं. खूश होतो मी.

बुधवारी दादा आला नाही. फोन लागेना.

गुरुवारी पहाटेच मी आणि बाबा वनखात्याच्या चौकीवर गेलो. तिथला वनरक्षक म्हणाला, "शेवटचा फोटो वगैरे काही?"

फोनवर होता. पण काळपट. म्हटलं, ह्यांना नीट दिसायला हवं. लॅपटॉप बरोबर होता, त्यातला उजळलेला दिला. फोल्डरमध्ये जो वर होता तो.

वनरक्षकाने बराच वेळ बघितला. "वर दोन घळी आहेत, जुळ्या बहिणी. असले खडक दोन्हीकडे. पण कडा उजव्या हाताला, म्हणजे पूर्वेची घळ. बरं झालं फोटो होता, नाहीतर माणसं दोन्हीकडे वाटावी लागली असती. आहेतच नऊ जण."

बाबांनी माझ्या पाठीवर हात ठेवला. शाबासकीच ती.

नऊच्या नऊ जण पूर्वेच्या घळीत उतरले. झाडी दाट, धुकं. गुरुवार गेला. शुक्रवारही गेला. संध्याकाळी वनरक्षक परत आला, गुडघ्यापर्यंत चिखल. "घळ संपली. तो खडक काही दिसला नाही."

वहिनी चौकीच्या बाकावर बसली होती. म्हणाली, "भाऊजी, तुमचा फोन द्या. त्यांचा शेवटचा मेसेज बघायचाय."

दिला. ती नुसती बघत बसली. मग तिने टेबलावरच्या लॅपटॉपकडे बघितलं. परत फोनकडे.

"भाऊजी, ह्यात कडा डावीकडे आहे."

मला आधी कळलंच नाही. खरंच सांगतो. मग मी लॅपटॉप ओढून फोल्डर बघितलं.

उलटी कॉपी मी नंतर केली होती. नंतरची फाइल वर येते. वर होती ती मी दिली. आणि मला ती चुकीची वाटलीही नाही. मला दोन्ही सारख्याच दिसतात. रोज तेच तर करतो.

वनरक्षक वळला. बॅटऱ्या उचलल्या आणि माणसांना हाक मारली.

दादा शनिवारी सकाळी सापडला. पश्चिमेच्या घळीत, त्याच खडकापासून पन्नास पावलांवर. मांडी मोडलेली. थंडीने गेला. डॉक्टर म्हणाले, शुक्रवारी दुपारपर्यंत जिवंत असावा. मी विचारलं नव्हतं. वहिनीने विचारलं. त्यानंतर ती माझ्याशी बोलली नाही.

दवाखान्याबाहेर पायरीवर बाबा बसले होते. आई घरी होती, तिला अजून कळवलं नव्हतं.

मी म्हटलं, "बाबा, माझ्यामुळे झालं. मी त्यांना फोटो उलटा दिला."

बाबा म्हणाले, "उलटा होता तर फिरवून बघायचा ना त्यांनी. एवढी अक्कल नको? त्यात तुझी काय चूक?"

त्यांना वाटलं, डोकं खाली पाय वर.

गप्प बसता आलं असतं. खूप वाटलंही.

"तसा उलटा नाही बाबा. आरशातल्यासारखा." मी दोन्ही तळहात समोर धरले. "डावं उजवीकडे जातं. फिरवून कळत नाही."

बाबा माझ्या हातांकडे बघत राहिले.

"म्हणजे ते त्या बाजूला शोधत होते."

"हो."

"दोन दिवस."

"हो."

"आणि हा ह्या बाजूला."

मी हात खाली घेतले.

बाबा उठले. गुडघ्यावर हात टेकून, हळूहळू. माझा हात धरला नाही.

"आईला सांगावंच लागेल तुला," ते म्हणाले. "फोटो उलटा होता, एवढंच सांग. पुढचं समजावू नकोस."