नेतन्ना शाळेतली पहिली

"टीचर, या वर्षी पहिली उघडायचीच नाही, असं मंडळाचं म्हणणं पडतंय," दर्शन येमूल म्हणाला आणि चहाच्या कपाकडे बघत राहिला.

दर्शन शाळेचा सेक्रेटरी होता. धामणकर नाक्यावर त्याचं सुताचं दुकान होतं, हाताखाली माणसं होती. पण माधवीबाईंसमोर तो अजूनही खुर्चीच्या कडेवर बसायचा. मराठी बाराखडी त्याला त्यांनीच शिकवली होती.

"किती नावं आलीत?"

"चार. लूम भंगारात जातात, माणसं सुरतला निघतात. राहिलेत त्यांना इंग्लिश मीडियम पाहिजे. चार पोरांसाठी वर्ग कसा चालवायचा?"

"पहिली बंद केलीस तर पुढच्या वर्षी दुसरीत कोण बसणार?" बाई म्हणाल्या. "मला आठ दिवस दे."

माधवी तरे काल्हेरच्या, आगरी घरातल्या. लग्नानंतर वर्षभरातच त्या या तेलुगू शाळेत मराठी शिकवायला आल्या होत्या, दुसरं काही मिळेपर्यंत म्हणून. शाळेचं नाव नेतन्ना विद्यालय. नेतन्ना म्हणजे विणकरभाऊ. तेलंगणातून लूमवर आलेल्या कामगारांनी शिफ्ट संपल्यावर स्वतः विटा वाहून ती बांधली होती. पहिल्याच तासाला पोरं एका सुरात "चेप्पंडि, टीचर" म्हणाली, तेव्हा बाईंना वाटलं, आपण चपला घालून वर्गात आलो म्हणून पोरं ओरडतायत. त्यांनी चपला दाराबाहेर काढून ठेवल्या आणि दिवसभर अनवाणी शिकवलं. चेप्पंडि म्हणजे 'सांगा ना', हे त्यांना मधल्या सुट्टीत कळलं. दुसऱ्या दिवशी सगळा वर्ग चपला बाहेर काढून बसला होता, टीचरना एकटं वाटू नये म्हणून. दुसरी नोकरी शोधायचं बाईंनी त्यानंतर कधी मनावर घेतलं नाही. आता त्या मुख्याध्यापिका होत्या आणि निवृत्तीला एक वर्ष उरलं होतं.

त्या संध्याकाळी घरी जाताना बाई रस्त्यावरच्या गोदामांच्या मागच्या झोपड्यांकडे वळल्या. डोंगराकडच्या पाड्यांवरची वारली कुटुंबं तिथे राहून मालाची चढउतार करायची. आईबाप ड्युटीवर गेले की पोरं बायजाबाईच्या नजरेखाली ट्रकांच्या सावलीत खेळायची. बायजाबाई वयस्कर, काटक बाई. भाताच्या लावणीला ती तऱ्यांच्या, म्हणजे बाईंच्या घरच्या शेतावर यायची, त्यामुळे ओळख जुनी.

"बायजाबाय, तुझी नातवंडं माझ्या शालेत दे. सखीला आन देवूला. बाकीच्या घरांतली पन."

"तिथं तेलुगू बोलतात म्हंत्यात. आमच्या पोरांना काय कलल?"

"मना तरी कुठं कलत व्हतं?" बाईंनी चपलांची गोष्ट सांगितली. बायजाबाई पदर तोंडाला लावून इतकी हसली की शेजारच्या झोपडीतली बाई बघायला बाहेर आली. तिलाही ती गोष्ट सांगावी लागली.

मग बायजाबाई गंभीर झाली. "आन पोरांना कोनी हसलं तं?"

"हसतील. चार दिवस. मग आपली पोरं त्यांना हसतील."

सोमवारी सात मुलं शेअर रिक्षाच्या दोन फेऱ्यांत धामणकर नाक्याला उतरली आणि हात धरून रांगेने शाळेत आली.

बुधवारी मंडळाची सभा भरली. पंखे फिरत होते, तरी वातावरण तापलेलं होतं. कोंडा नावाचे एक सभासद सरळ बोलले. "टीचर, तुमच्याबद्दल आदर आहे. पण ही आपल्या भाषेची शाळा आहे. आज सात आले, उद्या सत्तर येतील. आपल्या बापांनी विटा वाहिल्या त्या कशासाठी?"

पाठ करून आणलेलं भाषण बाई त्या क्षणी विसरून गेल्या. त्या एवढंच म्हणाल्या, "मी पण तुमच्या भाषेची नव्हते."

मग कोपऱ्यातून काठी आपटल्याचा आवाज आला. नरसय्या तात उठत होते. विटा वाहणाऱ्यांपैकी ते एकटेच उरले होते. कान मंद झाले होते, पण आज त्यांनी मशीन लावलं होतं.

"कोंडा, तू तवा जल्मला नाय," ते म्हणाले. "माझा पोरगा सरकारी शालेत गेला. दोन दिवसात परत आला. मास्तर बोलते ते समजत नाय म्हनून. मग आमी शाला केली. पन कुठं? निजामपुऱ्यात, अन्सारीशेठच्या कारखान्यात. शुक्रवारी लूम बंद, तवाच मास्तरचा आवाज ऐकू येणार. म्हनून शाला फक्त शुक्रवारी. शेठला तेलुगू येत होतं काय? आन ही जमीन? आगरी मानसाने दिली. तो पन बोलला नाय, तुमची पोरं कोन हायेत म्हनून."

त्यांनी काठी भिंतीकडे केली. तिथे पहिल्या दिवसापासूनचा शाळेचा नियम रंगवलेला होता. इंटि भाष मरुवद्दु, ऊरि भाष नेर्चुको. घरची भाषा विसरू नका, गावची भाषा शिका.

"यात तेलुगू लिवलंय काय? घरची लिवलंय. ज्याचं जे घर."

कोंडांनी भिंतीकडे पाहिलं. रोज प्रार्थनेला ते वाचतच मोठे झाले होते. मग ते म्हणाले, "पाणी पिऊन घ्या, तात," आणि स्वतः ग्लास भरून दिला. पहिली सुरू झाली.

शाळेच्या वाढदिवसाला अंगणात मंडप उभा राहिला. घराघरांतून सकिनालू, म्हणजे तांदळाच्या पिठाची तळलेली कडबोळी आली, वर्गांच्या खिडक्यांत सुताच्या रंगीत लडी लटकल्या. तेलुगू प्रार्थना झाली, मराठी पोवाडा झाला. मग दर्शनने माईकवर पहिलीचं नाव घेतलं आणि नव्या फ्रॉकमधली सखी पुढे आली. चार महिन्यांत तिला तेलुगूत पाणी मागता येत होतं, भांडताही येत होतं. आज मात्र ती घरचं गाणं म्हणणार होती.

ती गायला लागली. आवाज बारीक, पण ठेका पक्का. दुसऱ्या ओळीला पाड्यावरच्या बाया मागून साथ द्यायला लागल्या, तिसरीला सगळं अंगण टाळ्या वाजवत होतं.

पहिल्या रांगेत नरसय्या तातांनी, मराठी अडलं की विचारायच्या सवयीने, माधवीबाईंकडे मान वळवली. "काय म्हनते पोरगी?"

बाईंनी कान दिला. शब्द ओळखीचे वाटत होते, पण हाती लागत नव्हते. "मला नाही कळत, तात," त्या म्हणाल्या. मग उठून मंडपाच्या कडेला उभ्या असलेल्या बायजाबाईकडे गेल्या. "ये. पुढं चल."

"हितंच बरी हाय मी."

"तात विचारतायत. सांगायला कोनी न्हाय."

बायजाबाईने पदर सारखा केला, पायांवरची धूळ झटकली आणि माधवीबाईंच्या रिकाम्या खुर्चीवर जाऊन बसली.

"खेकडीन हाय," ती तातांच्या कानाशी मोठ्याने म्हणाली. "पोरांना सांगते, बांध फोडू नका रं. पानी जाईल, भात मरल."

तातांना खेकडीण कळली नाही. बायजाबाईने दोन्ही हातांच्या बोटांच्या नांग्या केल्या आणि त्यांच्या मनगटाला हळूच चिमटा काढला.

"एंड्रकाया," तात म्हणाले आणि बोळक्या तोंडाने हसले.

"एंड्रकाया," बायजाबाईने शब्द घोळवून पाहिला. "आन पोरांना काय म्हंता?"

"पिल्ललु."

माधवीबाई मदतीला पुढे सरकल्या होत्या. त्या थांबल्या. मंडपाच्या खांबाला टेकून त्यांनी पायांवरचा भार हलका केला आणि गाणं ऐकत उभ्या राहिल्या.